वृंदाचे सहा गुण

बाळा, शाळेत रुजू झालास आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी परिपाठ, समूहगीत आणि संगीताचा तास तुझ्याकडे सोपवला, हे कळलं. फार चांगलं झालं. तू विचारलंस, "बाई, मी प्रवेशिकेपर्यंतच शिकलोय, मला जमेल का?" जमेल. समूहगान शिकवायला मोठा गवई लागत नाही, कान देऊन ऐकणारा मास्तर लागतो. माझ्या गुरुजींनी मला जे दिलं आणि पुढे लेकरांसमोर उभं राहून जे पटत गेलं, ते आज तुझ्या हवाली करते. वहीत उतरवून घे.

सुरुवात आपल्याच मुलखापासून करू. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की मानवत रोड, सेलू, परतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दौलताबाद येतं. तीच देवगिरी. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या काळात तिथं शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. या शार्ङ्गदेवानं 'संगीत रत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. उत्तरेची हिंदुस्थानी परंपरा आणि दक्षिणेची कर्नाटक परंपरा, दोघीही त्याला आपला मानतात. त्यात एका ठिकाणी वृंदाची, म्हणजे मिळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींची माहिती आहे. उत्तम वृंद कोणता? मुख्य गायक 4, त्यांच्याबरोबर गाणारे 8, गायिका 12, बासरीवाले 4, मृदंगवाले 4. बेरीज कर, 32 होतात. तुझ्या एका तुकडीएवढीच मंडळी.

त्याच जागी शार्ङ्गदेवानं वृंदाचे सहा गुण सांगितलेत. मुख्य गायकाच्या मागोमाग जाणं, आवाज एकमेकांत मिसळणं, ताल आणि लय धरणं, एकाचं तुटलं तर दुसऱ्यानं सावरणं, तिन्ही सप्तकांत पोचण्याची ताकद आणि आवाजाचा सारखेपणा. समूहगानाचं सगळं शिक्षण या सहा गोष्टींत येतं. जगात कुठंही शाळेचा वृंद घडवायचा म्हटलं तरी याच सहा गोष्टी लागतात, आणि त्या आपल्या मराठवाड्यात बसून लिहिल्या गेल्या. हा इतिहास लेकरांना पहिल्याच तासाला सांग. मग एकेक गुण गळ्यात उतरव.

पहिला गुण: मुख्याच्या मागोमाग

नवं गाणं शिकवताना फळ्यावर सगळे शब्द लिहून लगेच "चला, म्हणा" असं करू नकोस. आधी पूर्ण गाणं तू एकट्यानं म्हणून दाखव. लेकरांनी फक्त ऐकायचं. मग एक ओळ तू म्हण, ती पुन्हा म्हण, आणि तिसऱ्यांदा म्हणताना लेकरांनी ओठ न उघडता मनात म्हणायची. त्यानंतरच त्यांचा आवाज येऊ दे. घाईनं चुकीची बसलेली चाल सोडवायला पुढे फार वेळ जातो.

दुसरं, लेकरं गात असताना तू गाऊ नकोस. मास्तरांचा आवाज चालू असला की लेकरं त्याच्या आडोशाला राहतात आणि मास्तरांना त्यांची चूक ऐकू येत नाही. तू म्हण, थांब, त्यांना म्हणू दे, ऐक.

ही रीत आपल्या मातीतलीच आहे. गोंधळात मुख्य गोंधळी ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलतात. पोवाड्यात शाहिराच्या मागे झील असते. भजनात विणेकऱ्यामागून टाळकरी म्हणतात. उरुसातल्या कव्वालीत मुख्य कव्वालाला हमनवा साथ देतात. परभणीचे गोंधळमहर्षी राजाराम कदम यांचं नाव लेकरांना माहीत असायलाच पाहिजे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं गोंधळाची कला केवढ्या उंचीवर नेली, ते त्यांना कळू दे. गावात कुणी गोंधळी असतील तर त्यांना मानानं शाळेत बोलाव. संभळ कसा वाजतो, तुणतुण्याची तार कशी लावतात, झीलकरी नेमका कधी उचलतो, हे दोन हातांवरून पाहिलेलं लेकरू जन्मभर विसरत नाही.

आणि मुख्य कायम एकच लेकरू ठेवू नकोस. दर आठवड्याला मुख्य बदल. जो आज पुढे उभा राहून ओळ टाकतो, त्याला उद्या मागे राहून झील धरायची गोडी कळते.

दुसरा गुण: मिसळणं

तास गाण्यानं सुरू करू नकोस. ओठ मिटून 'म'काराचा एकच 'सा' लावायला सांग. पेटीचा किंवा मोबाईलवरच्या तानपुऱ्याचा आवाज हळू ठेव. लेकरांना एवढंच सांग, "शेजारच्याचा आवाज ऐकू येतोय का? येत नसेल तर तू मोठ्यानं म्हणतोयस." हा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं. आपल्याकडे जोरात म्हणणं म्हणजे चांगलं म्हणणं, अशी समजूत घट्ट बसलेली आहे. स्पर्धेच्या वेळी तर पालकही "आवाज चढवा रे" म्हणून ओरडतात. तू मात्र लेकरांना ऐकून गायची सवय लाव.

उभं करताना उंचीवर जाऊ नकोस, कानावर जा. ज्यांचा सूर पक्का आहे त्यांना मागच्या रांगेत उभं कर, म्हणजे त्यांचा आवाज पुढच्यांच्या कानात पडतो. चाचपडणाऱ्या लेकराच्या दोन्ही बाजूंना खात्रीचे गळे ठेव. सगळे चांगले एका कोपऱ्यात आणि सगळे कच्चे दुसऱ्या कोपऱ्यात, असं कधीही करू नकोस.

आता ज्याला सगळे 'बेसूर' म्हणतात त्या लेकराबद्दल. प्रत्येक वर्गात अशी दोन-तीन लेकरं असतात आणि त्यांना "तू नुसते ओठ हलव" असं सांगायची फार वाईट रीत आहे. ती तुझ्या वर्गात नको. मधल्या सुट्टीत त्याला पेटीजवळ बसव. तू स्वर देऊ नकोस, त्यालाच हवा तो आवाज लावू दे. तो जिथं 'आ' लावेल ती पट्टी पेटीवर शोध आणि दाबून धर. त्याला सांग, "ऐक, पेटी तुझ्या सुरात आली." त्याचा चेहरा बघ. मग तिथून शेजारची एक पट्टी वर जा, तो येतो का बघ. आला की अजून एक. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला चार महिने. पण आपला आवाज आणि बाहेरचा आवाज एक झाल्याची जाणीव एकदा कानाला झाली की रस्ता मोकळा होतो. बहुतेकांचा गळा चांगलाच असतो. फक्त त्यांना कुणी ऐकायला शिकवलेलं नसतं.

तिसरा गुण: ताल आणि लय

लेकरं एकत्र गायली की पळतात. टाळ्या वाजवल्या की आणखी पळतात. म्हणून ताल आधी पायात घाल. जागच्या जागी पावलं टाकत आठ मात्रा मोजायच्या, तोंडानं ठेका म्हणायचा, मग त्यावर शब्द ठेवायचे. केरवा, दादरा आणि भजनी ठेका एवढे तीन पक्के झाले की शाळेतली बहुतेक गाणी आटोक्यात येतात. तबला नसेल तर बाकाच्या फळीवर बोटांनी ठेका धर. मात्र सम कुठं येते, ते प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे.

आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडच्या वाटेनं पंढरपूरला जाते. लेकरांना घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहा. एवढे टाळकरी चालता चालता गातात आणि पाऊल, टाळ नि शब्द एका क्षणी पडतात, हे कसं होतं, ते त्यांनाच शोधू दे. कोण कुणाकडे बघतंय, चाल बदलायची खूण कोण करतं, मृदंग कुठं आहे, हे त्यांना वहीत लिहायला लाव. लयीचा याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणार नाही.

राष्ट्रगीताची पूर्ण वेळ सुमारे 52 सेकंद आहे. घड्याळ लावून रोज मोज. आधी लेकरं पळतील, मग रेंगाळतील, महिन्याभरात बरोबर येतील. मग त्यांना कळतं की लय म्हणजे मास्तरांचा हुकूम नव्हे, ती सगळ्यांनी मिळून धरून ठेवायची गोष्ट आहे.

चौथा गुण: एकाचं तुटलं तर दुसऱ्यानं सावरणं

शार्ङ्गदेवाच्या सहा गुणांत मला हा सगळ्यांत मोठा वाटतो. त्याचा संस्कृत शब्द आहे 'मिथस्त्रुटितनिर्वाह'. फळ्यावर लिही, लेकरांकडून पाठ करून घे. त्यांना असले अवघड शब्द म्हणायला फार आवडतात.

याचा रोजचा उपयोग श्वासात आहे. लांब ओळीत सगळे एकाच ठिकाणी श्वास घेतात आणि गाण्याला भोक पडतं. म्हणून हजेरीपटावरचे सम आणि विषम क्रमांक असे दोन गट कर. फळ्यावर ओळ लिहून समांच्या श्वासाची खूण पांढऱ्या खडूनं आणि विषमांची रंगीत खडूनं कर. समांनी श्वास घेतला की विषम स्वर धरून ठेवतात आणि विषमांनी घेतला की सम. बाहेरून ऐकणाऱ्याला ओळ अखंड ऐकू येते. फक्त शब्दाच्या मधे श्वास पडू देऊ नकोस. श्वास घेताना खांदे वर गेले नाही पाहिजेत. पोटावर हात ठेवायला सांग, हात बाहेर ढकलला गेला की श्वास बरोबर.

हाच गुण शब्द विसरण्याच्या वेळी कामाला येतो. कार्यक्रमात एखादं लेकरू कडवं विसरतं आणि घाबरून इकडेतिकडे बघतं. वर्गात आधीच ठरवून टाक की विसरलेल्यानं सूर धरून 'आ'कार लावायचा, शेजारच्यानं शब्द स्पष्ट म्हणायचे आणि कुणीही कुणाकडे बघून हसायचं नाही. यासाठी मुद्दाम सराव घे. तालमीत तू एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवलास की त्यानं गप्प व्हायचं आणि बाकीच्यांनी गाणं चालू ठेवायचं. मग दोघांच्या, मग पाच जणांच्या. गाणं थांबत नाही, हे लेकरांना एकदा दिसलं की भीती निघून जाते.

पाचवा गुण: तिन्ही सप्तकांत पोचणं

इथं मास्तर मंडळी सगळ्यांत जास्त चुकतात, म्हणून नीट ऐक. तुझा आवाज पुरुषाचा, तू काळी एकला आरामात गातोस. तू त्याच पट्टीत गाणं दिलंस की लेकरं तुझ्या वरच्या सप्तकात गातात. गाणं मध्य सा ते तार सा एवढ्यातच फिरत असेल तर ठीक. पण चाल तार सप्तकातल्या गंधार-पंचमापर्यंत गेली की शाळेच्या पटांगणात किंकाळ्या ऐकू येतात आणि लेकरांचे घसे बसतात.

म्हणून पट्टी ठरवायची एकच रीत लक्षात ठेव. गाण्यातला सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत वरचा स्वर शोध. वरचा स्वर वर्गातल्या मध्यम गळ्याच्या लेकराला मान न ताणता लागला पाहिजे आणि खालचा स्वर ऐकू आला पाहिजे. वर चढणारं गाणं असेल तर पांढरी पाच, काळी चार अशा पट्टीत लेकरांचा सा खाली ठेव. गाणं खालीच फिरत असेल तर पट्टी काळी एक, काळी दोनपर्यंत वर ने. पट्टी लेकरांच्या गळ्यावरून ठरते. कॅसेटवरच्या किंवा यूट्यूबवरच्या गायकाची पट्टी आपल्याला काही कामाची नाही. ठरलेली पट्टी वहीत गाण्याच्या नावासमोर लिहून ठेव, नाहीतर दर वेळी वेगळी लागते.

सातवी ते नववीतल्या मुलांचा आवाज फुटतो. काल वर गाणारा मुलगा आज घोगरा होतो, मधेच आवाज चिरकतो, वर्ग हसतो आणि तो मुलगा गाणं सोडून देतो. गाणारी किती मुलं आपण याच वयात गमावतो! त्याला बाजूला घेऊन सांग की स्वरयंत्र वाढतंय, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरेल आणि हे प्रत्येक पुरुषाचं होतं. तोवर त्याला वरचे स्वर देऊ नकोस. त्याच्याकडे खालचा 'सा' आणि 'प' धरून ठेवायचं काम दे, ठेका दे, टाळ दे, झील दे. त्याला वृंदातून काढू नकोस. मुलींचा आवाजही या वयात थोडा बदलतो, हवा जास्त ऐकू येते. त्यांनाही धीर दे.

आपल्याकडे एप्रिलचं ऊन तुला माहीत आहे. सकाळची शाळा असली तरी तालीम पहिल्या तासाला घे, माठातलं पाणी जवळ ठेव, आणि माईक चांगला नसेल तर लेकरांना ओरडायला लावू नकोस. त्यापेक्षा श्रोत्यांनाच जवळ बसव.

सहावा गुण: आवाजाचा सारखेपणा

बत्तीस जणांचे बत्तीस उच्चार असले की शब्द कळत नाहीत. 'आ' म्हणताना सगळ्यांचं तोंड सारखं उघडलंय का बघ. ओळीच्या शेवटी येणारा 'त', 'स', 'ट' एकाच क्षणी पडला पाहिजे. त्यासाठी तुझ्या हाताची एक खूण ठरव. आधी शब्द लयीत नुसते वाचून घे, मग चालीवर ठेव.

उच्चारांबद्दल एक सांगते. आपली लेकरं घरी 'पानी' म्हणतात, तांड्यावरचं लेकरू गोरमाटी बोलतं, मोहल्ल्यातलं दखनी. प्रार्थनेत आणि राज्यगीतात 'ण' आणि 'ळ' नीट यायला हवेत, ते शिकव. पण जात्यावरची ओवी, काढणीची भलरी, तांड्यावरची होळीची लेंगी गाताना घरची बोली तशीच राहू दे. तिथं आजीचा उच्चार हाच शुद्ध उच्चार. लेकराच्या घरच्या बोलीचं वर्गात हसं झालं तर ते लेकरू परत तोंड उघडत नाही.

इतिहास गाता गाता

संगीताचा इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणं, असं लेकरांना वाटू देऊ नकोस. ज्या गाण्याचा सण किंवा दिवस येतो, त्याच आठवड्यात त्याचा इतिहास सांग आणि लगेच गाऊन घे. वर्षाचं पंचांगच तुला अभ्यासक्रम देतं.

जून-जुलैत वारी. नामदेवांचा जन्म 1270 चा. त्यांचं नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण 1999 मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. जनाबाई तर आपल्या गंगाखेडच्या. नामदेवांनी कीर्तन गावोगाव नेलं, पंजाबपर्यंत पोचवलं. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तन होतं. मराठवाड्यातून निघालेला सूर पंजाब फिरून पुन्हा मराठवाड्यात आला, हे नकाशावर बोट ठेवून दाखव. जनाबाईंच्या निमित्तानं जात्यावरच्या ओव्या आण. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तू लेकरांना फक्त एक काम दे. घरी आजीला एक ओवी म्हणायला सांगायची आणि शाळेत येऊन म्हणून दाखवायची.

ऑगस्टमध्ये 'वंदे मातरम्'. पण आपल्याकडे त्याची गोष्ट 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला सांग. 1938 मध्ये निजामाच्या राज्यात औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांना हे गीत म्हणायला मनाई झाली. त्यांनी ते म्हटलं. कॉलेजातून काढून टाकलं तरी माघार घेतली नाही, आणि त्यातल्या कित्येकांना पुढचं शिक्षण नागपूर विद्यापीठानं दिलं. पुढे 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. मिळून गाणं हाही एक गुन्हा ठरू शकतो आणि मिळून गाण्यात तेवढी ताकद असते, हे नववीच्या लेकरांना सांगितलं की ती ताठ उभी राहतात. त्या दिवशीचं गाणं वेगळंच होतं.

नवरात्रात गोंधळ. ज्वारीच्या काढणीला भलरी. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी मोती' ही ज्वारी दिली, हे लेकरांना ठाऊक असतं. तीच ज्वारी काढताना एका ओळीतल्या माणसांचे विळे भलरीच्या तालावर चालतात, हे त्यांच्या आजोबांनी सांगितलं पाहिजे. कामाचा थकवा वाटून घ्यायला गाणं कसं उपयोगी पडतं, हे तिथं दिसतं. फेब्रुवारीत परभणीला तुरत पीर बाबांचा उरूस असतो, तेव्हा कव्वालीचा पाठ. होळीला जिंतूरकडच्या तांड्यांवरची लेंगी. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती. तेव्हा सत्यशोधक जलशापासून आंबेडकरी जलशापर्यंतची वाट सांग. वामनदादा कर्डकांनी (1922–2004) लिहिलेली गाणी वस्त्यावस्त्यांत कोरसनं म्हटली गेली. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकानं 1944 पासून कामगारांना मिळून गायला शिकवलं. 1 मेला राज्यगीत. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा आवाज. 19 फेब्रुवारी 2023 पासून त्याला राज्यगीताचा मान आहे. कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन माणसं एका गाण्यामागे असतात, हे या एका उदाहरणावरून लेकरांना कळतं.

रोजच्या परिपाठातही इतिहास आहे. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ' मधलं आणि 'हमको मन की शक्ति देना' 1971 च्या 'गुड्डी' मधलं. देशभरातल्या शाळांत म्हटल्या जाणाऱ्या या दोन्ही प्रार्थनांच्या चाली एकाच मराठी माणसाच्या, वसंत देसाईंच्या. लेकरांना दोन्ही म्हणायला सांग आणि विचार, "चालीत सारखं काय आहे?" ओळी छोट्या, उड्या कमी, श्वासाला जागा भरपूर. समूहानं गायची चाल कशी बांधावी, हे लेकरं आपलं आपण शोधतात.

मोठ्या वर्गांना विष्णू दिगंबर पलुस्कर आणि विष्णू नारायण भातखंडे सांग. पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या उंबऱ्याआड असलेलं गाणं वर्गात आणलं. भातखंड्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकं छापली. तुझ्यासारखा मास्तर आज खेड्यातल्या शाळेत तास घेऊ शकतो, तो या दोघांमुळे. कोमल स्वराखाली रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. एवढी लिपी सहावीच्या लेकराला एका महिन्यात येते. मग चालसुद्धा लिहून ठेवता येते, हे त्याला कळतं.

दोन गट, एक गाणं

एका सुरात गाणं पक्कं झालं की एक पायरी पुढे जा. भूप रागातली एखादी सोपी सरगम घे. एका गटानं सुरू करायची, एक आवर्तन झालं की दुसऱ्या गटानं तीच पहिल्यापासून सुरू करायची. भूपात मध्यम आणि निषाद नसल्यानं अगदी लगतच्या, अर्ध्या अंतराच्या स्वरांचा खटका बसत नाही आणि दोन ओळी एकमेकींवर गोड वाजतात. पाश्चात्त्य देशांत शाळेतली लेकरं समूहगानाची सुरुवात बऱ्याचदा अशाच चक्री गाण्यांनी करतात आणि पुढे तीन-चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गातात. आपल्या लेकरांना एखादं परदेशी वृंदगान ऐकवून विचार, "किती ओळी ऐकू आल्या?" ज्यांचा कान तयार झालाय ती बरोबर सांगतात.

स्नेहसंमेलनाच्या आधी

निवड चाचणी घेऊन चांगली वीस निवडायची आणि बाकीच्यांना प्रेक्षकांत बसवायचं, हे स्पर्धेला नाइलाजानं करावं लागतं, कारण तिथं संख्या ठरलेली असते. शाळेच्या कार्यक्रमात मात्र सगळी तुकडी मंचावर आण. गायला जमत नाही त्याच्या हाती टाळ दे, खंजिरी दे, निवेदन दे. निवेदनात गाण्याचा इतिहास दोन वाक्यांत सांगायला लाव. कुणाचं, कुठलं, कधीचं आणि का गायलं गेलं. म्हणजे पालकांनाही कळतं की आपलं लेकरू नुसतं गात नाही, काहीतरी शिकतंय.

शेवटचं सांगते. एक जाड वही कर आणि ती शाळेची ठेव. लेकरांनी आणलेली प्रत्येक ओवी, भलरी, लेंगी, गोंधळाचं पद तिच्यात लिही. कुणी म्हटलं, कुठल्या गावचं, कुठल्या पट्टीत, कुठल्या ठेक्यात, आणि येत असेल तर स्वरलिपीही. उद्या तुझी बदली होईल, होणारच आहे. तेव्हा ती वही कपाटात टाकून जाऊ नकोस. तुझ्या जागी येईल त्याला समोर बसव, एक-एक पान उलटत चाली म्हणून दाखव, आणि त्यानं त्या तुझ्यामागून म्हटल्याशिवाय वही त्याच्या हातात देऊ नकोस.